भिंगरीला मैदानाबाहेर काढल्याबद्दल

मी, खाली सही करणारी, राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची निवृत्त सहप्रशिक्षक, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझे हृदय थकले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. पुढील मजकुरात जागोजागी किळस आढळेल. तीही बुद्धी शाबूत असल्याची खूण समजावी.

कलम १. माझे राहते घर, मागच्या मोकळ्या जागेसह, आमच्या संघाची माजी खेळाडू भिंगरी हिला द्यावे. ती माझी नात्याची कोणी नाही. कारण पुढे येईल.

कलम २. बँकेतील शिल्लक धाकट्या भावाच्या मुलीच्या शिक्षणासाठी आहे. भावाने त्या पैशांना हात लावू नये. तो रेडिओवर सामन्यांचे धावते वर्णन करतो. त्याला माझा रेडिओ द्यावा. स्वतःचा आवाज ऐकण्याची त्याला फार हौस आहे.

कलम ३. माझी खरी कमाई म्हणजे एक रचना. मागे पाच, त्यांच्यापुढे चार आणि सर्वांत पुढे एकटी भिंगरी. आमच्या मुली अंगाने लहानखुऱ्या. मोठ्या संघांपुढे चेंडू पायात खेळवत बसलो असतो तर चिरडलो गेलो असतो. म्हणून आम्ही मागे सरायचो, त्यांना अंगावर येऊ द्यायचो. त्या पुढे आल्या की त्यांच्या पाठीमागे रान मोकळे. चेंडू हिसकावला की पहिला पास पुढेच, आडवा नाही, आणि तो उजव्या कडेला उभ्या असलेल्या भिंगरीकडे. ती बचावाला मागे यायची नाही. पाहणाऱ्याला आळशी वाटायची. पण तिच्या धाकाने समोरच्या संघाच्या दोघी कायम मागे अडकून पडायच्या. याला कोणी भित्रेपणा म्हणत असेल तर त्याने मांजर दबा धरून बसलेले कधी पाहिलेले नाही.

कलम ४. उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. गोल भिंगरीचाच. खेळ संपत आला तसे मुख्य प्रशिक्षकांना (यापुढे 'साहेब') घाम फुटला. त्यांनी तिला बाहेर बोलावले आणि सहावी बचावपटू आत धाडली.

मी म्हटले, "साहेब, ती उभी आहे म्हणून त्यांच्या दोघी मागं थांबल्यात. तिला काढलंत तर त्या आपल्या गोलावर येतील."

"बाई, खाली बसा. भिंत जाड करायची वेळ आहे."

त्या दोघी आल्या. एकीने डोक्याने गोल केला, दुसरीने आणखी एक मारून उरलेले काम उरकले, आणि आम्ही हरलो. आमच्या सहाजणी एकमेकींच्या पायात अडखळत होत्या. पत्रकारांपुढे साहेब म्हणाले, रचना बाईंची होती आणि भिंगरीने बचावात मदत केली नाही. माझ्या सख्ख्या भावाने तेच रेडिओवरून गावभर केले. भिंगरीला पुन्हा संघात घेतले नाही.

कलम ५. गेल्या महिन्यात साहेब भावाला घेऊन माझ्या आजारपणाची चौकशी करायला आले. हातात फुले, बगलेत खेळाडूंच्या मांडणीचा एक नकाशा. नव्या प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर तो माझ्या नावाने लावायचा होता.

"बाई, तुमचं नाव कायमचं राहील. फक्त संमती द्या."

त्यावर गोलपुढे सहा ठिपके, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. मी विचारले, "यात पुढं धावणारी कुठाय?"

"ती पद्धत जुनी झाली. आता शिस्त लागते."

भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. सही करून टाक."

मला त्या दोघांची किळस आली. मी दोघांना फुलांसकट दार दाखवले. तरी येथे स्पष्ट लिहिते: त्या चित्राला माझे नाव देऊ नये, आणि माझ्या शोकसभेत साहेबांना बोलू देऊ नये. ते आलेच तर मागच्या रांगेत बसवावे. मागे बसणे त्यांना आवडते.

कलम ६. त्यानंतर भिंगरी आली. ती आता शाळेतल्या मुलींना खेळ शिकवते. माझ्यासाठी सफरचंद कापता कापता थांबली.

"ताई, खरं सांगा. मी अधूनमधून मागं आले असते, तर साहेबांनी मला काढलं नसतं ना? जिंकलो असतो ना आपण?"

इतकी वर्षे ही पोर हे उराशी धरून होती. त्या दोन पुरुषांची मला आली नसेल एवढी शिसारी त्या क्षणी माझी स्वतःची आली.

"अगं, मागं येऊ नकोस असं तुला मीच बजावलं होतं. तू तुझी जागा सोडली नाहीस. जागा सोडली ती साहेबांनी."

तिने सुरी खाली ठेवली आणि ती मोठ्याने रडली. मी तिला रडू दिले. मग डोळे पुसून तिने विचारले, "घरामागची जागा रिकामीच असते का हो?"

म्हणून घर तिला. तेथे तिने मुलींना पहिला पास पुढे द्यायला शिकवावे. शेजाऱ्यांच्या काचा फुटतील. त्यांच्या भरपाईपुरती रक्कम शिल्लकेतून आधी बाजूला काढावी, आणि त्यावरून कोणीही मुलींना रागावू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे, आणि साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२२

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई
२. (सही) त्या सामन्यातली आमची गोलरक्षक. कलम ४ मधला शब्द न् शब्द खरा आहे, मी गोलमध्येच उभी होते.