बंद लिफाफ्यातलं नाव

तेहरान, १२ मार्च १९८८

चि. नागोजीस सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला मुलगी झाल्याचं पत्र पोचलं. आनंदानं ड्यूटीवर असतानाच वॉर्डातल्या सगळ्या नर्सना खजूर वाटले. यमुनाला म्हणावं, डिंकाचे लाडू खाण्यात कुचराई नको.

रेडिओ ऐकून आई घाबरली असेल. शहरावर इराकची क्षेपणास्त्रं पडतात हे खरं, आणि आमची वसाहत विमानतळाच्या अगदी जवळ. एरवी मोठी झोकदार, पट्टीनं आखल्यासारखी. भोंगा झाला की आम्ही सगळे तळघरात. शेजारणी तिथेही चहा मांडतात. तू पाठवलेला शेंगाचटणीचा डबा त्यांनीच संपवला.

विमानं बंद आहेत. बारशाला मी येऊ शकेनसं वाटत नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून सोबतच्या बंद लिफाफ्यात नाव लिहिलंय. आईनं ते माझ्या वतीनं बाळीच्या कानात सांगावं. माझ्यावरचा लोभ आता तिलाही वाटून द्यावा.

तुझी अक्का,
हेमावती

उणकल, हुबळी, ४ एप्रिल १९८८

ती. अक्कास शि. सा. जयभीम, वि. वि.

लिफाफा न फोडता परत पाठवतोय. रागावू नकोस. कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, टपालखात्यानं नाही!

आई बातम्या ऐकत बसते. दूध रोज उतू जातं. मलाही फार भीती वाटते, अक्का.

बारसं थांबवलंय. तोवर पोरगी सगळ्यांची पुट्टी, म्हणजे कन्नडातली नुसती छोटी. शेजारची लक्कव्वा विचारते, हिला नाव शाळेत गेल्यावर देणार का. मी सांगतो, आत्या आल्यावर. चटणी कुटून ठेवलीय, पण पाठवणार नाही. इथे येऊन खा. लोभ आहेच, ये म्हणजे झालं.

तुझा धाकटा,
नागोजी

तेहरान, २६ एप्रिल १९८८

चि. नागोजीस सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

आठवडा होत आला, भोंगा वाजलेला नाही. विमानं सुरू झाली. तिकीट हातात आहे! १९ मेला मुंबई, २१ला सकाळी हुबळी. स्टेशनावर पुट्टीला आण. शेजारणींनी तळघरात बसून तिला टोपडं विणलंय.

तुझा हट्टी लिफाफा मिळाला. न फोडलास ते फार बरं केलंस. आत मी माझंच नाव लिहिलं होतं, रे. म्हटलं, घरात कुणीतरी हेमावती असू दे.

ते आता मलाच लागणार. पुट्टीसाठी नवीन घेऊन येतेय. विचारू नकोस, आधी तिच्याच कानात सांगणार. लोभ स्टेशनावर प्रत्यक्ष करावा.

तुझी,
अक्का