दिवाणखान्यातले घंगाळ

आई,

राहाता गावातल्या नव्या घरातला दिवाणखाना अखेर सजून पूर्ण झाला आणि त्याच्या मधोमध तुझे तांब्याचे घंगाळ आहे. हे वाक्य मी लिहिले, खोडले आणि पुन्हा तसेच लिहिले. यापेक्षा सौम्य आणि तरीही खरे वाक्य मला सापडले नाही.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. सूनबाई महिनाभर त्या खोलीसाठी शोभेच्या वस्तू निवडत होती आणि मी एकेक नाकारत होतो. सोनेरी हरणांची जोडी नको, कारण ती प्लास्टिकची. बांबूचे झाड नको, कारण त्याला पाणी लागत नाही. भिंतीवरचा सुविचार नको, कारण त्यात विचारच नव्हता. पडदे, उशांचे अभ्रे आणि कोपऱ्यातला उंच दिवा एवढेच माझ्या तावडीतून सुटले. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुमच्या वर्गात सगळेच नापास व्हायचे का हो? मधलं टेबल रिकामं आहे. आता तुम्हीच सांगा काय ठेवायचं." मी म्हणालो, "खोट्या वस्तूंपेक्षा तिसगावच्या जुन्या घराच्या माळ्यावरचे खरे तांबे-पितळ आण." माझ्या मनात वडिलांची समई होती. तिने समई आणलीच. परंतु समईमागे पोत्यात गुंडाळलेले घंगाळही आणले, चिंच-मिठाने घासून लखलखीत केले, पाणी भरून त्यावर झेंडूची फुले सोडली आणि मला हाक मारली. नात मोबाईलवर फोटो काढत होती. मी दारातच थांबलो.

ते तुझ्या रुखवतात मांडलेले होते, असे तू सांगायचीस. म्हणजे लोकांनी पाहावे म्हणूनच ते आपल्या घरात आले. मग गल्लीत कोणी तरी गेले, त्या घरी शेवटच्या आंघोळीला धड भांडे नव्हते, आणि तू आपले दिलेस. त्यानंतर घरातले कोणी त्यातल्या पाण्याने अंग धुईना. ते गल्लीचेच झाले. अजून डोळ्यांपुढे आहे: मी दहा-अकरा वर्षांचा आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्यावर भाकरी आहे, दारात कोणी तरी अनवाणी उभे आहे. तू भाकरी उतरवतेस, घंगाळ उचलतेस आणि निघतेस. गेलेली बाई असेल तर तिला न्हाऊ घालायलाही तूच. तू परतल्यावर मी म्हणतो, "ते मढ्याचं घंगाळ अंगणात वाळत ठेवू नकोस, पोरं मला चिडवतात." तू ओले हात पदराला पुसत माझ्याकडे पाहतेस. "मढं म्हनू नगंस. कालपतुर तुला गूळ देत हुती ती." पुढे मी तुझे असले 'हुती' सुधारू लागलो, तेव्हा तू हसायचीस. त्या दिवशी हसली नव्हतीस.

सूनबाईला यातले काहीच ठाऊक नाही. सांगावे की न सांगावे, या विचारात असतानाच रविवार उजाडला. नातीला पाहायला मंडळी येणार होती. पाहणे नावापुरते, मुलामुलीचे मन आधीच जुळले होते, उरला होता तो वडीलधाऱ्यांचा होकार. सकाळी फोन आला की, मुलाची आजीही येत आहे, त्या घरात तिचाच शब्द शेवटचा असतो, आणि तिचे माहेर तिसगाव, आपल्याच गल्लीतले.

मी उठलो. "ते घंगाळ आत ठेव."

"का?"

"गळते आहे."

"दोन दिवस पाणी आहे त्यात, बाबा. थेंब गळला नाही."

"गंजेल."

"तांबं?" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आज तरी नापास करू नका हो."

खरे कारण सांगावे, तर ते शुभकार्याच्या सकाळी सांगावे लागणार होते; न सांगावे, तर तिला ते पाहुण्यांच्या तोंडून, चारचौघांत ऐकावे लागणार होते. मी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि फाटकाशी गाडी थांबली.

आजीबाई नेमक्या मधल्या टेबलाजवळच बसल्या. पोहे आले, चहा आला. मुलाचे वडील यंदाच्या उसाविषयी बोलत होते. आजीबाईंनी हात पुढे केला आणि घंगाळाच्या कडीखाली पडलेला जुना पोचा बोटांनी चाचपला.

"कुठलं गं हे?"

"आमच्या आजेसासूबाईंचं, तिसगावचं," सूनबाई उत्साहाने म्हणाली. "अगदी खरं जुनं तांबं!"

"व्हय," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी कप खाली ठेवला. सूनबाईने मंडळींना गच्ची पाहायला नेले, तेव्हा आजीबाई जागच्या हलल्या नाहीत. "माजं गुडघं जिन्याचं न्हाईत आता. गुरुजी हायेत की बोलाया."

आम्ही दोघेच उरलो.

"माजी आई गेली तवा मी परकर नेसत हुते," त्या फुलांकडे पाहत म्हणाल्या. "तुमच्या आईनं ह्याच्यातच पानी काढलं. आदी बोट बुडवून बघितलं, लई कढत हाय का म्हून. एक बाई म्हनली, आता तिला काय भाजतंय? तर तुमची आई म्हनली, तिला न्हाई, लेक बघतीया." मग माझ्याकडे वळून, "दुसऱ्यानं मोडीत घातलं असतं, गुरुजी. तुमी मधोमध मांडलं, फुलं घालून. अशा घरात पोर वाढली म्हनल्यावर मला आनिक काय इचारायचं न्हाई."

मंडळी खाली आली, तेव्हा त्यांनी नातीला जवळ बोलावले आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

आई, आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त केली. 'तुमी मांडलं' हे त्यांचे वाक्य साफ चुकीचे होते, आणि मी मान खाली घालून ते तसेच राहू दिले. सूनबाईलाही अद्याप काही सांगितलेले नाही. हे पत्र कोठेही जाणार नाही. तू असतीस तर ते तुला वाचून दाखवावे लागले असते, आणि 'लेक बघतीया' येथे माझा आवाज टिकला नसता.

आज सकाळी फुले कोमेजली होती. सूनबाई कामात होती, म्हणून पाणी मी बदलले. त्या घंगाळाला मी जन्मात प्रथमच हात लावला. नवे पाणी ओतल्यावर त्यात बोट बुडवून पाहिले. फुलांना काय भाजणार, हे मला ठाऊक होते.