सायखेड्याचं काम वाढलं

प्रिय तेजल,

सप्रेम जय भीम. माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आपला सुनील उद्या सकाळी द्वारका चौकातून पुण्याची गाडी पकडतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी देतोय. पुडी आधी उघडायची नाही. लहानपणी तू खाऊची पुडी दप्तरातच फाडायचीस, म्हणून मुद्दाम सांगतो. सोमवारी तू त्या मॉल सजवणाऱ्या कंपनीच्या कागदांवर सही करणार, हे तुझ्या आईने सांगितलं. मी फोन केला तर "पप्पा, समजूत काढू नका" म्हणून ठेवून दिलास. काल पुन्हा लावला, उचलला नाहीस. अगं, समजूत कोण काढतंय? मला फक्त विचारायचं असतं. ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढलेला माणूस मी, चार प्रश्न विचारल्याशिवाय जेवण जात नाही.

तुझं काम मला पुरतं कधी कळलं नाही, पण बघायला मात्र फार आवडलं. विमानाच्या भागावर केसाएवढी चीर दिसली की आम्ही तो बाद करायचो, आणि माझीच पोरगी मोडण्यासाठी वस्तू करते, याचं मला भारी नवल वाटायचं. बाभळीच्या काट्यांनी पानं टाचून ती लांबलचक चादर तू नदीत सोडलीस, तेव्हा मी काठाकाठाने तिच्यामागे चालत गेलो होतो. का, तर आधी कुठला काटा निसटतो ते बघायचं होतं. कांद्याच्या टरफलांचं ते लाल वर्तुळ तर वाऱ्याने दुपारच्या आत उचलून नेलं आणि तू टाळ्या वाजवल्यास. कॉलनीत कुणी विचारलं की मी सांगायचो, मुलगी मातीत काम करते. त्यामुळे अर्धी कॉलनी तुला कृषी खात्यात समजते. शेजारच्या विमलाबाई परवाच गुलाबावरच्या किडीला काय मारू म्हणून तुझा नंबर मागत होत्या. दिवाळीत मात्र तू म्हणालीस, इतक्या वर्षांत परदेशाची दोन बोलावणी आली, मासिकात फोटो आला, पण हातात काहीच उरलं नाही. मला फार वाईट वाटलं. उरलं पाहिजे असं तू याआधी कधी म्हणाली नव्हतीस.

म्हणून सायखेड्याचं काम तू शेवटचं म्हणून केलंस. गोटीरामभाऊंच्या द्राक्षबागेची छाटणी नुकतीच झालेली, काड्यांचे ढीग जाळायला काढलेले. त्याच काड्या नदीकाठच्या ओल्या गाळात उभ्या रोवून, आडव्या विणून तू कमरेएवढे कूड घातलेस आणि मधून गोल गोल आत जाणारी वाट ठेवलीस. गावाने त्याला कोंबड्यांचं खुराडं ठरवलं. शेळ्यांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही, सरळ आत जाऊन बसल्या. निघताना तू सगळ्यांना बजावलंस, नेहमीसारखंच, याला कुणी हात लावायचा नाही. आणि आम्हाला म्हणालीस, हे मोडलं की कळवा, मग मी थांबते.

गेल्या आठवड्यात गोटीरामभाऊंच्या सगुणाबाईंचा फोन आला. आवाज तुटत होता. त्या म्हणाल्या, "लताबाई, तुमच्या तेजलचं काम वाढलं बरं का." आणि फोन बंद. आता तुझी आई कशी आहे ते तुला ठाऊक. बांगडी फुटली असं तिच्या तोंडून कधी आलं नाही, बांगडी वाढली म्हणते. कपबशी फुटली तरी ती वाढलीच. तिने डोळे पुसले आणि तुला जसंच्या तसं सांगितलं, बाळा, तुझं काम वाढलं. तूही तिचीच लेक. बरं म्हणालीस आणि कंपनीला होकार कळवून टाकलास. मीही तेच समजलो होतो.

पण मला राहवेना. आधी कुठून मोडलं असेल? पाण्याने, शेळीने, की विणीतच काही राहून गेलं? काल स्कूटर काढली आणि गेलो. सगुणाबाईंसमोर मी मयताला आल्यासारखा चेहरा करून उभा, तर त्या हसायला लागल्या. "असं काय करता भाऊ? वाढलं म्हंजी लय वाढलंय. जाऊन बघा तरी." तेजल, तुझ्या कुडाला पानं फुटलीयत! आडव्या काड्या वाळल्यात, पण गाळात रोवलेल्यांतल्या कितीतरी हिरव्यागार झाल्यात. मी वाकून वाकून बघत आत शिरलो. काडीतल्या रसावरच फुटलंय, की खाली मुळं धरलीयत? तुझा नियम मोडून एक काडी हलकेच ओढून पाहिली. हलली नाही. दुसरी ओढली, तीही नाही. मधोमध पोचलो तेव्हा मला रडू आलं. आईला सांगू नकोस.

फोटो काढलाय, पण पाठवला नाही. फोटोत काम नसतं, जागेवर असतं, असं तूच म्हणतेस. आता पुडी उघड. त्यात तिथलंच एक पान आहे, मी तोडलेलं. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की सगुणाबाईंनी खरं तेच सांगितलं होतं, आपण घरच्यांनी ते उलटं ऐकलं. सही करायची तर कर, माझा राग नाही. पण ते मोडलं म्हणून करू नकोस, कारण ते मोडलेलं नाही. आणि एक प्रश्न माझा नाही, गोटीरामभाऊंचा आहे. निघताना त्यांनी विचारला, तो तुलाच पाठवतो. ते म्हणाले, "जयरामदादा, पोरगी तर म्हनली हात लावायचा नाय. मग आता हिची छाटनी कोन करनार?"

तुझाच,
पप्पा