कोबीचं निमित्त

आये, परवा आमच्या फ्रिजमध्ये तीन कोबी निघाले, त्याची गंमत सांगते. नेदरलँडला लेकाकडे राहते मी, डेल्फ्टजवळच्या खेड्यात. इथून कालव्याच्या कडेकडेनं पलीकडच्या गावाला एक पायवाट जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गायी, आणि पाणी गायींच्याही वर, हे मला अजून उमगलेलं नाही. समोरून येणारा ‘मोर्खे’ म्हणतो, मीही ‘मोर्खे’ म्हणते, झाला सकाळचा नमस्कार. दुकान आमच्या कोपऱ्यावरच आहे, पण मी भाजीला त्या गावात जाते. तूच शिकवलंस ना, बाईमाणसानं रिकाम्या हातानं हिंडू नये. लहानपणी मी माळावर नुसतीच फिरून आले, तर तू दारातच अडवलंस, “हातात काय न्हाई, मग कुठं हुंदडत हुतीस?” तेव्हापासून पिशवीवाचून उंबरा ओलांडला नाही.

तर कोबी बघून लेक म्हणाला, “आई, कशाला पाय दुखवतेस? भाजी ऑनलाइन मागवू, घरपोच येते.” भाजी दारात आली तर मी काय सांगून बाहेर पडू? मी कोबी चिरत होते, आणि तू आठवलीस. घरामागं विहीर, तरी तू धुणं घेऊन लांबच्या ओढ्याला निघतेस, मी तुझ्या मागं. वाटेत गाठोडं सुटतं, आत कालचं धुतलेलं लुगडं, घडीसुद्धा मोडलेली नाही. मी म्हणते, “आये, हे तर धुतलेलंय.” तू म्हणतेस, “गप चाल,” आणि हसतेस. मग ओढ्यात पाय सोडून कितीतरी वेळ नुसती बसतेस. आये, ते धुणं म्हणजे तुझा कोबीच की! मी एकटीच चिरता चिरता हसायला लागले. सूनबाईनं विचारलं, तर तिला सगळं सांगून टाकलं.

आज सकाळी मी पिशवी घेतली, तर तिनं ती हातातून काढून खुंटीला अडकवली. म्हणाली, “आई, काही आणू नका. नुसत्या फिरून या.” निघाले, पण हातांचं काय करावं कळेना. शेवटी इथल्या म्हाताऱ्यांसारखे पाठीमागं बांधले. कुणी काही विचारलं नाही. गायींनीही नाही. एवढं हलकं वाटलं, काय सांगू.

हे पत्र टाकायचं कुठं, आणि तुला कुठं वाचता येत होतं! पिठाच्या डब्याखाली ठेवते. घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, साडीचा काठ ओला कसा? मी म्हटलं, गवतावर दव होतं. खरं काय ते तुला एकटीला ठाऊक.