यंदा समुद्र शांत आहे, असं मी म्हणाले होते

प्रिय बंटी,

आज सकाळी मी मोबाइल भिंतीवर फेकून मारला. काच पायात शिरली. रक्त पुसलं आणि तुला लिहायला बसले.

अभनपूरच्या मावशीच्या संजूचा फोन होता. "दीदी, हम लोग पुरी जा रहे हैं. इस साल समंदर शांत है ना?" तुझाच प्रश्न! मी अशी किंचाळले की समोरच्या क्लिनिकमधले पेशंट बाहेर आले.

तू मला किती चिडवायचास! समुद्रापासून शेकडो मैल दूर, आपल्या समता कॉलनीतल्या खोलीत बसून मी समुद्राचे नकाशे करते, वाऱ्यांवरून लाटांचा अंदाज काढते, म्हणून म्हणायचास, "घरात अख्खा समुद्र, अन् नळाले पाणी नाही!" मग मी हट्टानं समजवायची. एल निनोच्या वर्षी तिकडे पॅसिफिकचं पाणी तापतं, इकडे मान्सूनचे वारे बहुधा ढिले पडतात, बंगालच्या उपसागरातल्या लाटांची सरासरी उंची उतरते, प्रवाहसुद्धा बदलतात. तू खुशाल जांभई द्यायचास.

आणि गेल्या वर्षी, एल निनोच्याच वर्षी, पुरीच्या वाळूवरून फोन केलास. "दीदी, यंदा समुद्र शांत आहे ना? उतरू का पाण्यात?" मी चहा गाळता गाळता म्हणाले, "यंदा समुद्र शांत आहे. लाटा फुटत नसतील तिथं उतर."

मूर्ख बाई! वर्षाची सरासरी म्हणजे त्या दुपारची हमी असते का? इथला वारा पडला तरी हजारो मैलांवरच्या वादळानं ढकललेली लाट येतेच. आणि फेसाळ लाटांच्या मधला तो गुळगुळीत पट्टा? किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच तर परत आत धावतं, माणसाला घेऊन! हे मी वाचलं होतं रे. किनाऱ्यावर मात्र आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते.

तुझे मित्र सांगतात, पाण्यानं तुझे पाय वाळूतून उपटले. तू तलावात पोहायला शिकलेला, प्रवाहाशी समोरासमोर भांडत राहिलास. बाजूला काहून नाही सरकलास? लाटेनं तुला वाळूवर आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं. तुला घरी आणलं तेव्हा तुझा खांदा निखळला होता, तोंडात वाळू भरली होती. ती मी बोटांनी काढली. आईला जवळ येऊ दिलं नाही.

त्या समुद्राला लाथा घालाव्यात असं वाटतं. मग वाटतं, आपलंच डोकं फोडून घ्यावं.

आई रोज तुझ्या फोटोला शिव्या देते. "कोणाचं ऐकलं नाही पोट्ट्यानं! बहीण एवढी शिकेल आहे, तिले एक शब्द तरी विचारायचा!" आणि मी, तुझी शिकलेली बहीण, वर्षभर शेजारी बसून मान डोलावते. आजही ती धावत आली, "काहून ओरडून राहिली वं?" मी म्हणाले, "रॉंग नंबर."

एवढं वचन देते. हे पत्र संपलं की आईच्याच फोनवरून, तिच्यासमोर संजूला सांगेन, माझा नकाशा विचारू नको, त्या दिवशी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचार, तो नको म्हणाला तर पाय ओला करू नको. मग आईला सगळं सांगेन. मारलं तर मार खाईन. घराबाहेर काढलं तर जाईन. पण तुझ्या फोटोला यापुढे एक शिवी पडू देणार नाही.

तू विचारलं होतंस, बंटी. आणि माझं ऐकलंही होतंस.

तुझी,
दीदी