गुडघे टेकू नकोस

प्रिय आई, प्रभूत सलाम.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, सध्या आराम तर भरपूर.

मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो, तेव्हा हॉस्पिटलच्या लिफ्टचा दोर न बघताच साहेब म्हणाले, “तपासले असं लिही आणि मोकळा हो.” माझा हात धजावेना. रविवारी चर्चमध्ये त्याच हातात प्रभुभोजनाची भाकर घ्यायची असते ना! मी ‘तपासले नाही’ असं लिहिलं. लिफ्ट बंद झाली. जिने चढणारे डॉक्टर मला शिव्या घालतात, आणि साहेबांनी कामावरून थांबवल्यामुळे मी खोलीवर बसून आहे. तुझ्या सुनेला यातलं काही बोलू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? प्रार्थना खुर्चीत बसूनच करत जा, प्रभूला चालतं.

फक्त शुक्रवारी सकाळी दहाला मोठ्या साहेबांनी बोलावलंय. तेवढ्यापुरते, जमलं तर, गुडघे टेक.

तुझा धाकटा