बिस्किटाच्या जाहिरातीतलं हसू

दादा,

"जाहिरातीत तू हुबेहूब आईसारखी हसलीस, मला रडूच कोसळलं," असं तू काल फोनवर म्हणालास. मला किळस आली. तुझी नाही रे, माझी स्वतःची.

ऑडिशनला आम्ही सगळ्या जणी बिस्किट चावून खोटंखोटं हसत होतो. निवड करणारी बाई वैतागली, "दात नकोत, डोळे हसू देत!" मला आईचा शेवटचा आठवडा आठवला. तिच्या तोंडाची चव पार गेली होती, तरी मी भरवलेला घास तोंडात धरून ती माझ्यासाठी हसली होती. ते हसू मी जसंच्या तसं उचललं. काम मिळालं.

शूटिंगला टेबलाखाली बादली ठेवतात. चावायचं, हसायचं आणि 'कट' ऐकलं की बादलीत थुंकायचं, नाहीतर पोट फुटेल. आईचं हसू मी बत्तीस वेळा हसले आणि बत्तीस वेळा थुंकले. बादलीतल्या लगद्यावर माशा घोंघावत होत्या, आणि दिग्दर्शक म्हणतो, "काय मायेनं हसता हो तुम्ही!"

हे पत्र मी टाकणार नाही. तू खुशाल जाहिरात बघ आणि रड.

आईनं तो घास गिळला होता रे, दादा.

तुझी धाकटी